अष्टागरातील बेने इस्रायलांच्या गावी

यात्रा म्हणजे काय, हे कळवण तालुक्यातील माणसास निराळे शिकवावे लागत नाही. सप्तशृंगीचा गड आमच्याच तालुक्यात आहे, आणि चैत्र महिन्यात खानदेशाकडून पायी निघालेले यात्रेकरूंचे थवे आम्ही बालपणापासून पाहत आलो आहो. परंतु यात्रेकरू एका धर्माचे, स्थाने दुसऱ्या धर्माची आणि सोबतीस गेलेले आम्ही तिसऱ्याच धर्माचे, असा योग आयुष्यात एकदाच आला. त्याची हकीकत व तीवरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी नाशिकास शिक्षक असून धर्माने ख्रिस्ती आहे. नाशिककडे मराठी ख्रिस्ती समाज नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसविले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, हेही वाचकांस ठाऊक असेलच. या विद्यार्थ्याच्या ‘मंडळी’तील (ख्रिस्ती बांधव आपल्या उपासक-समुदायास मंडळी म्हणतात) चाळीस स्त्रीपुरुषांनी गेल्या माघ महिन्यात पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील यहुदी लोकांची स्थाने पाहण्याचा बेत केला. “गुरुजी, तुम्ही जुने ग्रंथ वाचलेले आहेत, बरोबर चला,” असा त्याने आग्रह धरला. त्यांच्या पाळकांनी यात्रेचे कारण मोठ्या सरळपणे सांगितले. “यरुशलेमला जाण्याइतका पैसा आमच्यातल्या थोड्यांपाशीच आहे. पण ज्या लोकांत आमचे प्रभू जन्मले त्यांची एक शाखा आपल्याच कोकणात मराठी बोलत राहिली. निदान ते घर तरी पाहून येऊ.”

रात्री नाशिकहून भाड्याच्या बसने निघालो. गाडीत काही वेळ भजने झाली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीस अभंगाची व ओवीची वाट करून दिल्यामुळे, डोळे मिटून ऐकणाऱ्यास आपण पंढरीच्या दिंडीत आहो असे वाटावे. पनवेल, पेण, वडखळ मागे टाकून उजाडता उजाडता अलिबागेस पोहोचलो. नारळी-पोफळीच्या बागांचा हा किनारा अष्टागर या नावाने प्रसिद्ध आहे. आम्हां देशावरच्या लोकांस समुद्राचे अप्रूप. मंडळीतील मुले तर किनाऱ्यावरून हालावयास तयार होईनात.

आता ज्यांच्या गावी आलो त्या लोकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलाचे पुत्र, असे ते स्वतःस म्हणवितात. त्यांच्या परंपरेप्रमाणे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात त्यांचे पूर्वज स्वदेशातील छळास कंटाळून गलबताने निघाले. ते गलबत नवगावाजवळ खडकांवर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत राहिली. ग्रंथ, वस्तू, सर्व काही समुद्रात गेले. वाचलेल्यांनी आसपासच्या गावांत वस्ती केली व पुढे तेल गाळण्याचा धंदा पत्करला. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. चित्रपटांतील सुप्रसिद्ध नट डेव्हिड यांचे आडनाव चेऊलकरच होते. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले. खवले नसलेली मासळी ते खात नसत, मुलग्याची सुंता आठव्या दिवशी करीत, आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे ‘शेमा’ नावाचे वचन प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी म्हणत. बाकीची हिब्रू भाषा लोपली होती. वेदांपैकी सर्व विसरून केवळ गायत्रीमंत्र मुखी राहावा, तसा हा प्रकार होता.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात या लोकांच्या सणांची जुनी नावे दिली आहेत, ती आम्ही गाडीत वाचून दाखविली. पापक्षालनाचा जो महान उपवास, ज्या दिवशी घराबाहेर पडावयाचे नाही, त्याचे नाव ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपवास पावसाळ्यात येतो आणि तो वालाच्या बिरड्याने सोडावयाचा, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. शिवाय एक ‘खिरीचा सण’ आहे. मंडळीतील बायकांस ही नावे फार आवडली. मंदिर पडले यरुशलेमात आणि बिरडे शिजले अष्टागरात! परंतु त्या नावांत हसण्यापेक्षा नवल करण्याजोगे अधिक आहे. सणाचे मूळ नाव गेले, कारणही बहुतेक गेले. तरी दिवस चुकला नाही. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्र असून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून ते ऋतूंशी जुळते ठेवितात, हे ऐकून आमच्यासारख्या पंचांग चाळणाऱ्यास विशेष जवळीक वाटली.

प्रथम नवगावास गेलो. थळ-किहीमच्या बाजूस समुद्रालगत हे छोटेसे गाव आहे. गलबत फुटल्यावर लाटांनी आणून टाकलेली शवे जेथे पुरली असे सांगतात, ते जुने दफनस्थान येथे असून अलीकडच्या काळात तेथे एक स्मारक उभारण्यात आले आहे. भोवती झाडी, वाळू आणि लाटांचा आवाज, याखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नाही. पाळकांनी सर्वांस शांत उभे राहावयास सांगितले. त्यांनी प्रार्थना मोठ्याने केली नाही, हे आम्हांस आवडले. दुसऱ्याच्या पितरांच्या जागी आपला आवाज चढवू नये, एवढे भान त्यांस होते.

येथे एका साम्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सह्याद्रिखंडात परशुरामाने समुद्राने किनाऱ्यास लावलेली चौदा शवे सजीव केली आणि त्यांपासून चित्पावनांची उत्पत्ती झाली, अशी कथा आहे. इकडे सात पुरुष व सात स्त्रिया मिळून चौदाच होतात. या साम्यावरून दोन्ही समाज मूळचे एक असावेत असा तर्क काहींनी लढविला. पण कथेचे साम्य हा रक्ताचा पुरावा नव्हे. दर्यावर्दी किनाऱ्यावर जो परका येतो तो समुद्रातून येतो, आणि त्याची कथाही समुद्रातूनच वर येते. एका किनाऱ्याने दोन समाजांस एकाच घाटाची कथा द्यावी, यात अशक्य ते काय?

तेथून सागाव-खंडाळ्याकडे वळलो. हे खंडाळे बोरघाटावरचे नव्हे; अलिबागहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूचे एक गाव आहे. येथे एका खडकावर काही खुणा दाखवितात. एलियाहू हन्नबी, म्हणजे बायबलातील एलीया संदेष्टा, अग्निरथात बसून सदेह स्वर्गास गेला, ही कथा ख्रिस्ती व यहुदी या दोघांच्याही शास्त्रात आहे. बेने इस्रायलांची श्रद्धा अशी की, तो संदेष्टा या ठिकाणी प्रकट झाला होता आणि त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या खुणा या खडकावर उमटल्या आहेत. त्यांच्या शेबाट महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास, येथे त्याचा उरूस होतो. नवस फेडण्यास येणारे लोक ‘मालिदा’ करितात. भिजविलेले पोहे, त्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे व सुकामेवा, भोवती फळे मांडलेली, आणि वर हिब्रू स्तोत्रे. असा तो विधी असतो. इस्रायल देशी स्थायिक झालेली कुटुंबेही भारतात आली म्हणजे नवस फेडण्यास येथे येतात.

मंडळीतील एका तरुणाने हळूच विचारले, “गुरुजी, एलीया तर यार्देन नदीपाशी वर घेतला गेला. तो येथे कसा येईल?” आम्ही त्यास आमच्या गडासमोरचा मार्कंडेयाचा डोंगर सांगितला. त्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी देवीचे स्तवन करीत व ते नीट ऐकू यावे म्हणून देवीने मान कलती केली, अशी आमच्याकडील श्रद्धा आहे. लोक जेथे नांदतात तेथल्या डोंगरास व दगडास आपली कथा चिकटविल्यावाचून ती पोराबाळांस आपली वाटत नाही. ग्रंथ समुद्रात बुडाल्यावर या लोकांनी खडकाचेच पान केले. तरुणाचे समाधान झाले किंवा नाही न कळे. परंतु त्याने खडकावर पाय ठेवण्यापूर्वी वहाणा काढल्या.

दुपारी अलिबागेतील इस्रायल आळीत गेलो. येथील ‘मागेन अबोथ’ म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’ या नावाचे सिनेगॉग १८४८ साली स्थापन झाले व आजची इमारत १९१० सालची आहे. आत शिरताना पुरुषांनी डोके झाकावयाचे. ख्रिस्ती पुरुष आपल्या मंदिरात टोपी काढतात, येथे घालावयाची. त्यामुळे थोडी धांदल उडाली आणि हातरुमाल बाहेर निघाले. आमची टोपी तेवढी आयती उपयोगी पडली. दाराच्या चौकटीस तिरकी बसविलेली लहानशी नळी असते. तिच्यात शास्त्रवचन लिहिलेले चर्मपत्र गुंडाळून ठेविलेले असते आणि येणारा-जाणारा तिला बोटे लावून ती ओठांस लावतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीशी पडद्याआड कपाट, त्यात तोऱ्याच्या गुंडाळ्या. मध्यभागी कठडा असलेला वाचनाचा चौथरा. वर टांगलेला दिवा, आपल्या नंदादीपासारखा. तोंड पश्चिमेस का, तर भारतातून यरुशलेम पश्चिमेस आहे.

मंदिराची व्यवस्था पाहणारे वृद्ध गृहस्थ मोठे अगत्यशील निघाले. त्यांनी सर्व काही शुद्ध, किंचित कोकणी वळणाच्या मराठीत समजावून दिले. तोऱ्याची प्रत चर्मपत्रावर हातानेच लिहावी लागते. एक अक्षर चुकले तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनास चालत नाही. मूळ लेखनात स्वरचिन्हे नसतात. ती व गाण्याचे चढउतार वाचणाऱ्यास पाठ असावे लागतात. अक्षरास बोट लावावयाचे नाही, त्यासाठी टोकास हाताचा आकार असलेली कांडी असते. हे ऐकताना आम्हांस पद, क्रम, जटा, घन या पाठांची व उदात्त-अनुदात्तांची आठवण झाली. मंडळीतील एका वृद्ध बाईंचे मन निराळ्याच गोष्टीकडे होते. आपले प्रभू नासरेथच्या सभास्थानात वाचावयास उभे राहिले तेव्हा अशाच चौथऱ्यावर उभे राहिले असतील काय, असे त्यांनी विचारले. “अशीच गुंडाळी त्यांच्या हाती दिली असेल,” असे त्या गृहस्थांनी सांगितले. बाईंनी पदर डोळ्यांस लावला.

याच वेळी मंडळीतील एक मुलगा बोलून गेला, “मग तुमच्या लोकांनी त्यांचा स्वीकार का केला नाही?” सर्वत्र शांतता पसरली. पाळकांचा चेहरा उतरला. परंतु वृद्ध गृहस्थ रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, तुझ्या मिशनरी लोकांचे आमच्यावर उपकार आहेत. आमचा ग्रंथ आम्हांला वाचता येत नव्हता, तो वाचावयास शिकविणाऱ्यांत ते होते. आम्ही वाचला, आणि वाचल्यावर आम्हांला आमचेच घर सापडले.” पाळक पुढे झाले व म्हणाले, “त्याच ग्रंथाचा पहिला भाग आमच्याही घरी आहे, बाबा. तो तुमच्याकडून आला.” आणि त्यांनी हात जोडले.

त्या वृद्धाचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीस उतरते. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. त्यांच्या मराठी शाळांतून बेने इस्रायलांची मुले शिकली, व पुष्कळ बेने इस्रायल तेथे शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले व पुढे हिब्रूच्या अध्ययनास मोठी चालना दिली. जुना करार मूळ भाषेत वाचू लागले की हे लोक आपोआप नव्या कराराकडे वळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले ते उलट. धर्मांतर करणारे थोडेच निघाले. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांच्या साहाय्याने समाजाने आपला नित्यनेम शुद्ध करून घेतला, जागोजाग सिनेगॉगे बांधली, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले, म्हणून सांगतो की व्याकरण ही वस्तू मोठी निःपक्षपाती आहे. धातू चालविण्यास शिकलेला मनुष्य त्या विद्येने कोणते दार उघडील, हे शिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही. डॉ. विल्सन यांच्या हेतूशी आम्ही सहमत नाही. परंतु ज्ञान हातचे राखून न देण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

आणि आपण काय केले? हा प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. या भूमीत आमचा छळ झाला नाही, असे बेने इस्रायल स्वतः सांगतात, व ते आपणांस भूषणावह आहे. परंतु शेकडो वर्षे शेजारी राहून आपल्या पूर्वजांनी त्यांस तेल्याच्या धंद्यावरून एक पायरी नेमून दिली, ते शनिवारी घाणा जुंपीत नाहीत एवढे ध्यानात ठेविले, आणि का जुंपीत नाहीत हे विचारण्याची तसदी घेतली नाही. पायऱ्यांची ही विद्या तेही आमच्याकडून शिकले. त्यांच्यातही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद होऊन रोटीबेटीव्यवहार तुटला होता. आमच्या सहिष्णुतेत उदारपणा किती आणि औदासीन्य किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

निघण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्याने विचारले, “येथे नित्य उपासना होते काय?” वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, तेरा वर्षांवरील दहा यहुदी पुरुष जमल्यावाचून सामुदायिक प्रार्थनेतील काही भाग म्हणता येत नाहीत व तोऱ्याचे जाहीर वाचन होत नाही. पूर्वी ही आळी भरलेली होती. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि घरामागून घर तिकडे गेले. तेथेही प्रारंभी त्यांच्या यहुदीपणाविषयी धर्मगुरूंनी शंका घेतली, विवाह अडले, आणि मोठ्या चळवळीनंतर १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आज भारतातील यहुदी पाच-सहा हजारांच्या पलीकडे नाहीत, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. “सणावारी मुंबईकडून माणसे आली म्हणजे दहा होतात,” ते म्हणाले. तेव्हा मघाच्या वृद्ध बाई भाबडेपणाने म्हणाल्या, “अहो, आज आम्ही चाळीस आहोत की!” गृहस्थ हसले. “आजी, तुम्ही आलात म्हणून आज मंदिर भरले. पण दहा अजून झाले नाहीत.”

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. नवगावी या लोकांपाशी ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, फक्त नेम होता; आणि त्या नेमावर शेकडो वर्षे निभली. आज मंदिर आहे, ग्रंथ आहे, पाहुणे आहेत, शासनाची मान्यता आहे. आणि नेम चालविण्यास दहा माणसे मिळविण्याकरिता दुसऱ्या गावाकडे डोळे लावावे लागतात. यात कोणाचा दोष नाही. ते लोक हाकलले गेले नाहीत, आपण होऊन आपल्या प्राचीन देशी गेले, आणि तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढण्याइतकी मराठीची आठवण त्यांनी ठेविली. परंतु परंपरा पाहणाऱ्यांच्या संख्येने जगत नाही, पाळणाऱ्यांच्या संख्येने जगते, हा धडा त्यातून निघतो. ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते, त्या घरांतही ही मोजणी करून पाहण्यास हरकत नाही. देवघर आहे, पोथ्या रेशमी वस्त्रात बांधलेल्या आहेत, भिंतीवर आजोबांची तसबीर आहे. त्या पोथ्यांतील एक तरी पान अर्थासह म्हणणारी माणसे घरात किती? तशीच दुसरीही मोजणी करावी: आपल्या शेजाऱ्याच्या सणाचे कारण आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नवगाव, सागाव व अलिबाग ही तिन्ही स्थाने एका दिवसात आरामात पाहून होतात. वेळ उरल्यास रेवदंडा येथील सिनेगॉगही पाहावे. हिवाळ्याचे दिवस उत्तम. सिनेगॉग पाहण्यास तेथील मंडळींची अनुज्ञा आधी घ्यावी, पुरुषांनी टोपी अथवा रुमाल बरोबर ठेवावा, आणि तोऱ्याच्या कपाटास आपण होऊन हात लावू नये. मुलांस बरोबर अवश्य न्यावे व त्यांस प्रश्न विचारू द्यावे. मघाच्या मुलाचा प्रश्न अवघड होता, पण त्यावाचून त्या दिवसाचे सर्वोत्तम उत्तर आम्हांस ऐकावयास मिळाले नसते. शनिवारी मात्र जाऊ नये. तो त्यांच्या विसाव्याचा वार आहे, आणि तेवढी गोष्ट अष्टागरातील निरक्षर शेजाऱ्यांनीही शतकानुशतके पाळली होती.